एक घर, एक पिन

ती. साडूबुवांस,

कृतानेक नमस्कार. (तुम्ही माझ्यापेक्षा मोठे अकराच महिन्यांनी, पण आज मान देण्याची गरज पडली आहे.) कंबर कशी आहे? ताईंचा खोकला थांबला का? इकडे सगळे खुशाल, हे पत्रात लिहायचं असतं म्हणून लिहितो. फोन केला असता, पण आमच्या भिंती पातळ आणि तुमच्या मेहुणीचे कान तिखट. सोमवारपासून ती माझ्याशी बोललेली नाही.

माझी हयात वायरमनकीत गेली, हे तुम्ही जाणता. त्यामुळे गेल्या महिन्यात आम्ही नवे फोन घेतले आणि दोन्हींना एकच पिन निघाली, तेव्हा मी आनंदाच्या भरात घरात कायदाच केला: एक घर, एक पिन. जुन्या वायरींची अख्खी पिशवी भंगारवाल्याला दिली. (त्याने आत डोकावून माझ्याकडे दयेने पाहिलं.) हिला विचारायला हवं होतं. पण चांगल्या कामाला विचारायचं कशाला, असा आपला खाक्या!

आता ऐका. हिच्या शिवणकामाची मापं जुन्या फोनमध्ये, त्या फोनला चपटी रुंद पिन, आणि फोन बंद पडलेला. दवाखान्यातल्या तेवीस नर्सबाईंचे गणवेश शनिवारी द्यायचेत. आज बुधवार. सहा दुकानं पालथी घातली. पहिला म्हणाला, हे आता येत नाही. दुसऱ्याने पिन बघून आतून आपल्या वडिलांना बोलावलं. तिसऱ्याने एक जोडतुकडा दिला, चौथ्याने त्या तुकड्याला बसणारा तुकडा. सगळं जोडून अंगठ्याने दाबून धरलं तरच चार्जिंग होतं. पाऊण तास जीव मुठीत धरून बसलो. एक टक्का झाला, पडदा उजळला आणि मला शिंक आली.

मग टेप घेऊन थेट दवाखाना गाठला, म्हटलं मापंच पुन्हा घेऊ. बायकांची मापं बाई घेते, हे डोक्यातच आलं नाही! मुख्य नर्सबाईंनी जिन्यापर्यंत पोचवलं. वरून निम्म्या जणी ओरडून सांगत होत्या, जुनीच मापं धरा, आमच्यात काही फरक नाही.

घरी बसवत नाही. उठतो, तोच रिकामा ड्रॉवर पुन्हा उघडतो. हात स्वस्थ राहीनात म्हणून दोन पंखे, गळका नळ आणि सहा वर्षं लोंबणारं बटण दुरुस्त केलं. ही मशीन चालवते आणि गप्प. (काय शिवते, हे विचारायची छाती नाही.) ऑर्डर गेली तर दुसरी मिळेल हो, पण ही इतकी गप्प कधी बसली नव्हती. मला करमत नाही.

आपला,
धाकटा साडू

ता. क. तुमच्या बुटांच्या खोक्यातल्या वायरींना मी चारचौघांत हसलो होतो. ते शब्द मागे घेतो. चपट्या पिनेची वायर हे पत्र आणणाऱ्या शेजाऱ्याच्याच हाती पाठवा.

ता. क. दुसरा: हिला कळू देऊ नका.

ता. क. तिसरा: भाऊजी, हे मी लिहितेय. हे पाकिटासाठी डिंक शोधायला आत गेलेत. मापं माझ्या वहीत आहेत, फोनमध्ये नुसती नक्कल होती. एकोणीस गणवेश शिवून झाले. पण पिशवी माझीही होती. 'विचारायला हवं होतं' असं यांनी तुम्हाला लिहिलंय, मला अजून म्हणालेले नाहीत. म्हणाले की कळवते, मग वायर पाठवा. फार घाई नको, गॅलरीतला दिवा अजून राहिलाय.