गुरुवारी दुपारी दीडचं पाणी

मंगळवार, ५ जुलै १८३१

बोलून बसले! माझी ही जीभ एक दिवस घात करणार.

आज बाबा आमच्या यहुदी गल्लीत दारोदार सांगत फिरले — "परवा गुरुवारी दुपारी दीडला ऋतू पालटतोय. त्या वेळी विहिरीचं पाणी पिऊ नका. भरलेल्या हंड्यात लोखंडाचा खिळा टाका." ते प्रार्थनाघराचे सेवक, वर्षातून चारदा हे सांगणं त्यांचंच काम. कशासाठी, ते त्यांनाही धड ठाऊक नाही. वाडवडील सांगत आले, म्हणून सांगायचं.

मागच्या दारी दोरोता धोबीण आमचे कपडे पिळत होती. आम्हा यहुद्यांतली नाही ती, पण लहानपणापासूनची मैत्रीण. शनिवारी आम्हाला काम वर्ज्य, तेव्हा आमच्या गाईची धार तीच काढते. नदीपलीकडे पटकी आलीय, तिच्या पोरीच्या काळजीनं मी म्हटलं, "गुरुवारी दीडला येवकाला विहिरीचं पाणी देऊ नकोस हं."

"का गं? तुमचा देव थुंकतो की काय पाण्यात?"

दोघी हसलो. आता कळलं, पलीकडच्या गावांत म्हणताहेत की विहिरींत कुणीतरी विष टाकतंय.

गुरुवार, ७ जुलै

दीड वाजून गेला. काही झालं नाही. काय व्हायचं होतं!

सोमवार, ११ जुलै

पटकी गावात शिरली. उमरावांचे कारभारी शिपाई घेऊन आले आणि विहिरींत पांढरी पूड टाकून गेले. "औषध आहे" — एवढंच बोलले. लोक बघत उभे होते. कुणी कारभाऱ्यांना विचारलं नाही, पण आमच्या गल्लीकडे मात्र सगळ्यांनी वळून पाहिलं.

बुधवार, १३ जुलै

येवका गेली. सहा वर्षांची. सकाळी उलट्या सुरू झाल्या, दिवेलागणीला संपली.

मी दारापर्यंत गेले. दोरोता रडत नव्हती. "राइत्सा, दीडचं तुला कसं ठाऊक होतं?"

आमच्या गल्लीतला खाटीकही आजच गेला, पण त्याचं कोण नाव घेतं?

शुक्रवार, १५ जुलै

बाबांना अजून सांगितलेलं नाही. सांगायला गेले, तर तेच बोलू लागले. पाचशे वर्षांपूर्वी ऱ्हाइनकाठी महामारी आली, तेव्हाही विहिरीच होत्या म्हणे. आपल्यातल्या एकाला छळून छळून 'हो, विष टाकलं' म्हणायला लावलं आणि गल्ल्याच्या गल्ल्या जाळल्या. "आपलीही माणसं मरतच होती गं. पण राजाला राग दुसरीकडे वळवायचा होता, आणि लोकांना कुणीतरी हाताशी हवं होतं. आपण होतो."

चोर सोडून संन्याशाला फाशी! आणि या खेपेला दोर मीच वळून दिला.

रविवार, १७ जुलै

काल दोरोता आली नाही. गाय दिवसभर हंबरत होती, सगळ्या गल्लीला ऐकू जात होतं.

आज लोक विळे-कोयते घेऊन उमरावांच्या वाड्यावर गेले होते, त्या पुडीचा जाब विचारायला. कारभारी पायरीवरून म्हणाले, "मला काय विचारता? कुठलं पाणी कधी पिऊ नये, ते यहुद्यांना आधीच ठाऊक होतं. विचारा त्या धोबिणीला!" काय हुशार माणूस! कोयत्यांची तोंडं फिरली. रात्री बाबांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

मंगळवार, १९ जुलै

आज आमचं पुरातन मंदिर शत्रूनं पाडल्याचा स्मरणदिवस. कडक उपवास, पाण्याचा थेंबही नाही. आणि नेमके आजच ते कोयतेवाले आले!

"एकाच्याही घरी आज पाणी भरलेलं नाही! बघा! एकही पीत नाही!" बाबांना दाढी धरून ओढत विहिरीपाशी नेलं. ते सांगत होते, "उपवास आहे हो, उपवास!" कोण ऐकतंय? दोरोता गर्दीत होती, खाली मान घालून.

मी पोहरा ओढला. बाबा ओरडले, "नको राइत्सा, मी पितो!" पण मी तोवर तोंडाला लावला होता. घटाघट प्याले. एक, मग दुसरा. पाणी गळ्यावरून झग्यात गेलं. म्हटलं, "मीच सांगितलं होतं दीडचं. आमची जुनी समजूत आहे, बस्स. बाबांना सोडा. विष असेल तर मी मरेन, बघा!"

बराच वेळ बघत राहिले. मग कुणीतरी हसलं, "बाई तर ठणठणीत आहे!" कोयते खाली आले. बाबांना सोडलं. दोरोतानं माझं तोंड डोक्यावरच्या रुमालानं पुसलं, आणि मग आम्ही दोघी रडलो.

उपवास मोडला. देव बघून घेईल. बाबा जिवंत आहेत.

गुरुवार, २१ जुलै

पहाटेपासून चार उलट्या. पायांत गोळे. बाबांना सांगितलं, पित्त आहे. मेले तर विषच ठरलं — मरायचीसुद्धा सोय नाही. खाली दोरोता विचारतेय, "बरी आहेस ना गं?" तिच्यामागे पुरुषांचे आवाज आहेत. उठते. तोंड धुऊन खिडकीत उभी राहते.