दुर्बिणीत दिसलेलं भरीत

साक्री, १८ जानेवारी १९९४

ती. भाऊस बेबाचा साष्टांग नमस्कार. तू, वहिनी, मुलं सगळे खुशाल असाल. नसाल तर कळवा, काळजी करायला मी इथे बसलेलीच आहे.

माझी तब्येत उत्तम (सासरचे म्हणतात, बेबाबाई चांगल्या भरल्या), पण धुळ्याच्या डॉक्टरांना ते पटत नाही. सुटलेलं पोट, साखर आणि रक्तदाब हे तिघे एका अंगात नांदायला आले, की आतड्याच्या कॅन्सरची भीती वाढते म्हणे. सगळ्यांनाच होतो असं नाही, पण मला शौचाला रक्त पडतं आणि आपले आबा त्यातच गेले, म्हणून दुर्बीण घालून बघायचं ठरलं. (कुठून घालतात ते वहिनीला सांग, मुलांना नको.)

आदल्या दिवशी जेवायचं नाही, फक्त पातळ घ्यायचं, असं बजावलं होतं. नेमकं त्याच दिवशी शेजारच्या यशोदाबाईंच्या मळ्यात भरीत! भरताला नाही म्हणणारं माणूस आपल्या खान्देशात जन्मलंय का? मी पुरीला हात लावला नाही. पण कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, लाकडी बडगीत ठेचून लोण्यासारखी झालेली, ती पातळच की! यशोदाबाई म्हणाल्या, "माय, भरीत काय जेवन शे का? खाई ले." खाल्लं. वाटीभर. (दोन वाट्या.)

दुसऱ्या दिवशी डॉक्टर बराच वेळ दुर्बिणीला डोळा लावून बसले आणि म्हणाले, "बाई, आतडं दिसतच नाही, नुसत्या वांग्याच्या बिया दिसताहेत." मला धीर द्यायला आलेले आमचे हे दारातच चक्कर येऊन पडले. त्यांना माझ्याच खाटेवर निजवलं आणि मी वारा घालत उभी राहिले. आधी हसू आलं, मग तुझी इतकी आठवण आली, की पदर तोंडात धरला. आई गेल्यापासून माझं भुसावळला येणं सुटलं. धुळ्याच्या स्टँडवर तिकडची गाडी लागली, की मी अजून पाटी वाचत उभी राहते.

असो. तू यायची काही गरज नाही. मुलांना आशीर्वाद.

तुझी
बेबा

ता. क. पुढच्या मंगळवारी परत बोलावलंय. तोवर यशोदाबाईंना भरीत करायला बंदी.

ता. क. पोट तुझंही सुटलंय आणि आबा तुझेही होते. तूही दाखवून घे.

ता. क. गरज नाही असं लिहिलं, ते हे मागून डोकावत होते म्हणून. आखाजीच्या सणाला तू मुराळी होऊन न्यायला यायचास, तेव्हा मी सकाळपासून ओट्यावर बसून असायचे. मंगळवारी तसाच ये. माहेरी नाही नेलंस तरी चालेल, त्या दुर्बिणीच्या खोलीच्या दारापर्यंत ने. मला फार भीती वाटते रे.