गिरणीच्या गच्चीवरील अधिक्रमणाबाबत

मी कुंडलिक धर्मा विशे, वय ६८, धंदा भातगिरणी, राहणार टोकावडे, तालुका मुरबाड, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. कानांचा दाखला कोणी देत नाही. पण माझा मुलगा शेखर शेजारच्या खोलीत मोबाईल टॉवरवाल्याशी गच्चीबद्दल हळू आवाजात बोलतो, ते मला शब्द न् शब्द ऐकू येते. म्हणून हा कागद आजच करतो आहे.

१. माझी सर्व मिळकत स्वकष्टाची आहे. वडिलांकडून मला फक्त कान आले. गिरणीत गोण्या वाहायला लागलो तेव्हा यंत्रात खडा शिरला की मालकाच्या आधी मला कळायचे. त्या कानांवर मिस्त्री झालो, पुढे गिरणीच विकत घेतली. माझ्या जोडीला नवसू मेंगाळ होता. डोंगरातल्या वाडीवरून रोज चालत यायचा. या गिरणीच्या भिंती आणि गच्ची त्याच्या हातची आहे. तो आता नाही. त्याची मुलगी रविना इथल्या शाळेत विज्ञान शिकवते.

२. राहते घर व बँकेतील ठेव माझी पत्नी जनी हिची. घर तिच्या पश्चात शेखरचे. ठेवीचे काय करावे याचा सल्ला तिने विचारल्याशिवाय कोणी देऊ नये.

३. गिरणी व मागचा माळ शेखरला. पान्यांची पेटी त्याला नको आहे हे मला ठाऊक आहे. ती गिरणीचा मिस्त्री शाम याला द्यावी.

४. शेजारी कमळाकर घुडे, धाबामालक. १९९२ साली त्याने कुंपणाची भिंत माझ्या हद्दीत एक हात सरकवली. बारा वर्षे मी तलाठी, मोजणी, अर्ज यांच्या मागे फिरलो. नकाशा मला पाठ झाला. अशात २००४ च्या जूनमध्ये रविना आली आणि म्हणाली, "काका, आठ तारखेला अधिक्रमण हाय. तुमच्या गच्चीवरून बघू का?" आयुष्यात तेवढे एकदाच मी चुकीचे ऐकले. मला 'अतिक्रमण' ऐकू आले. वाटले, कमळाकर आणखी एक हात आत येणार. आठ तारखेला सकाळपासून नकाशा आणि टेप घेऊन भिंतीपाशी खुर्ची टाकून बसलो. दहाच्या पुढे रविना शाळेतली पोरे घेऊन आली. म्हणाली, "भिंतीवर नाय काका, सूर्यावर." शुक्र सूर्यासमोरून चालला होता. ढग फाटले तेव्हा काळ्या चष्म्यातून तिळाएवढा ठिपका दिसला. भिंतीपलीकडे कमळाकर हसत होता. तो किस्सा त्याला अजून पुरतो आहे.

५. रविनाने तेव्हा सांगितले की दूरच्या ताऱ्यांसमोरूनही त्यांचे ग्रह असेच जातात. ठिपका दिसत नाही, फक्त ताऱ्याचा उजेड तेवढा वेळ किंचित उतरतो. मला दोनदा सांगावे लागले. जनीला एकदाच. ती म्हणाली, "सासूबाई उंबऱ्यात उभ्या राह्यल्या की चुलीपुढं अंधारायचं. मान वर न करता कळायचं कोण आलंय." आई, माफ कर, पण खरे आहे.

जुने डिझेल इंजिन विकून मी दुर्बीण घेतली. कॅमेरा रविनाने तिच्या पगारातून. गेल्या ऑक्टोबरात तिने एका ताऱ्यावर नेम धरला. त्याचा ग्रह सव्वादोन दिवसांत फेरी मारतो आणि आड आला की उजेड शंभरात अडीच भाग उतरतो. ग्रह परदेशात आधीच सापडलेला. टोकावड्यातून तो पकडता येतो का, एवढेच बघायचे होते. पहिल्या संध्याकाळी उजेड उतरला. रविनाचे डोळे भरून आले. मी तरी बोललोच. "गो, त्या टायमाला मोटरीचा सूर बसला होता." दुर्बीण ताऱ्यामागे फिरवते ती बारकी मोटर. त्याच क्षणी कमळाकरने धाब्याचा हॅलोजन लावला होता. विजेचा दाब उतरला आणि झोत गच्चीवर आला. रविनाने शेजारचा तारा तपासला, तर तोही तेवढाच बुजलेला. म्हणजे तो ग्रह नव्हता, कमळाकर होता. तिने ते मोजमाप स्वतःच्या हाताने खोडले.

पुढची वेळ वीस दिवसांनी होती. मी पंधरा वर्षांत पहिल्यांदा कमळाकरची पायरी चढलो. त्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "अतिक्रमण का अधिक्रमण, ते आधी सांग." त्या संध्याकाळी दिवेलागणीपासून चार तास त्याने धाबा कंदिलावर चालवला. घाटाकडे जाणारे ट्रक न थांबता गेले. वर मोटरीचा सूर एकसारखा होता. शेजारचा तारा जागच्या जागी. आपल्या ताऱ्याचा उजेड उतरला, तळाला राहिला, पुन्हा चढला. रविना एवढेच म्हणाली, "गेला, काका."

सबब भिंतीखालची ती एक हात जागा मी कमळाकर यास खुशीने देत आहे. माझे सर्व अर्ज मागे घेतले असे समजावे.

६. दुर्बीण रविनाची. गिरणीची गच्ची व जिना वापरण्याचा हक्क तिला हयातभर आहे. शेखर, गच्चीवर टॉवर बसणार नाही. मागच्या माळावर बसव. तो उंच आहे, त्यांना चालतो, मी विचारून ठेवले आहे. तुझ्यावर राग नाही. कल्याणहून दुर्बिणीचा खोका एस.टी.त मांडीवर धरून तूच आणलास, ते मी विसरलेलो नाही. या गच्चीवर कोणी अतिक्रमण करू नये, आणि अधिक्रमण पाहायला येईल त्याला कोणी अडवू नये.

७. ६ जून २०१२ रोजी सूर्य उगवेल तो शुक्राला अंगावर घेऊनच. त्यानंतर शंभर वर्षे तसे होणार नाही. मी असलो तर प्रश्नच नाही. नसलो तर माझी खुर्ची कमळाकरला द्यावी.

ज्यांची नावे वर आली त्या सर्वांचा मी ऋणी आहे. नवसूचा सर्वांत जास्त. गच्ची त्याने सपाट बांधली.

ठिकाण: मुरबाड. तारीख: १४ मार्च २००८.

सही: कुंडलिक धर्मा विशे

साक्षीदार, ज्यांना यातून काही मिळत नाही:
१. धोंडी रामा भोईर, टोकावडे
२. भिमा गोविंद शेलार, मुरबाड

दुरुस्ती: कलम ६ मधील 'अधिक्रमण' हा शब्द टंकलेखक कोंडू पवार यांनी चूक समजून दोनदा 'अतिक्रमण' केला. दोन्ही वेळा खोडून मी हाताने 'अधिक्रमण' लिहिले आहे. खाडाखोडीशेजारी माझी सही आहे. टंकलेखकांना २०१२ चे बोलावणे दिले आहे.