मशीन ऐकत नाही

१० फेब्रुवारी
पान ९४ वर कर्सर थांबला. माउस हलवला. थांबलेलाच. चहा पिऊन आलो, तरी थांबलेला. बटण दाबून बंद, पुन्हा सुरू. पान ९४ कोरे. सकाळपासूनचे काम गेले.
डीटीपीच्या दुकानाचे शेठ काउंटरवरून : "चल रहा है ना? तो छेड़ो मत."
अकरा वर्षांत ऑपरेटिंग सिस्टीम बदललेली नाही. दर दसऱ्याला मॉनिटरला हळदकुंकू. देखभाल तेवढीच.

११ फेब्रुवारी
लतामावशी आल्या. सौंदडच्या निवृत्त नर्स. गोंदियात लेकीकडे मुक्काम. आठवणींचे पुस्तक, १७६ पाने; मांडणी माझी, छपाई नागपूरला. प्रकाशन रविवारी २३ ला, सौंदडच्या समाजमंदिरात.
हातात वहीचे पान. "पान नऊवर येवढं टाक गा."
नेहमीचे सांगितले : मशीन ऐकत नाही.
जुन्या सिस्टीमला मोठी फाइल झेपत नाही. म्हणून आमच्याकडे प्रत्येक पानाची वेगळी फाइल. पा. ९ वर चार ओळी वाढल्या की पुढची १६७ पाने हाताने सरकवायची. तेव्हा उत्तर अर्धे खरे, अर्धे सोयीचे. या एका वाक्यावर मी तीन कवी आणि एक माजी सरपंच परत पाठवले आहेत.
मावशी : "मशीन ऐकत नाही का तू ऐकत नाहीस?"

१२ फेब्रुवारी
पुन्हा मावशी. आज वहीचे पान वाचले.
पुस्तकात पा. ९ वर त्यांचे नोकरीतले पहिले बाळंतपण आहे, नवेगाव बांधचे. 'मी धीराने मूल सोडवले.' ते मूल दाईने सोडवले. भागरताबाई. मावशी गरम पाण्याचे भांडे धरून उभ्या होत्या.
"मग आधी असं का लिहिलं?"
"नवी नोकरी होती. साहेबाले मीच केलं म्हनून सांगतलं. मंग तेच पाठ झालं."
भागरताबाई नव्वदीच्या. रविवारी पहिल्या रांगेत बसणार. त्यांना त्यांचा नातू पा. ९ मोठ्याने वाचून दाखवणार आहे.
मशीन ऐकत नाही, असे आजही म्हणालो. आवाज लहान निघाला.

१३ फेब्रुवारी
शेठच्या मुलीची लग्नपत्रिका. होणाऱ्या जावयाने नमुना स्वतः तयार करून पाठवला. आमच्याकडे उघडला तर नुसते चौकोन. वधूच्या जागी चौकोन, वराच्या जागी चौकोन, शेठच्या जागी दोन चौकोन.
"दामाद के सामने नाक कट गई."
दुपारीच टेक्निशियनला फोन.

१४ फेब्रुवारी
टेक्निशियन रामटेके. नवी सिस्टीम, जास्तीची मेमरी. शेठने आधी उदबत्ती लावली.
"सेठजी, धुआँ अंदर जाता है."
"जाने दो. अच्छा ही करेगा."

१६ फेब्रुवारी
जुनी अक्षरे नव्या फॉन्टमध्ये आणायला दोन दिवस. मावशींचे पुस्तक प्रथमच एका फाइलीत.
पा. ९ वर परिच्छेद घातला. बाकीची पाने आपणच सरकली. आकडे बदलले, अनुक्रमणिका बदलली. १७६ ची १७७. पापणी लवेपर्यंत.
मध्येच वीज गेली. आली, तेव्हा काम होते तिथेच होते.
हेच मी अकरा वर्षे हाताने करत होतो. वर अभिमान.

१७ फेब्रुवारी
मावशींना फोन करून सांगितले की आता मशीन ऐकते. चूक झाली.

१८ फेब्रुवारी
मावशी पूर्ण वही घेऊन आल्या. पा. २३ वर दोन नावे, पा. ५१ वर जुळे. "आन् इथं बिरसी गावचं पोरगं टाक. माह्याच हातचं हाय. आता इमानतळावर नोकरी करून रायलं."
मी : "मशीन..."
रामटेके विसरलेला स्क्रूड्रायव्हर न्यायला आला होता. "ऐकते ना काका. आता सगळं ऐकते."
त्याला चहा विचारला नाही.

१९ फेब्रुवारी
पाने १९१. शेठ : "किताब है कि वोटर लिस्ट?"
छापखान्याचा निरोप : उद्या बारापर्यंत फाइल, नाहीतर रविवारी पुस्तक नाही.
चार वाजता मावशी भागरताबाईंना घेऊन आल्या. नवेगाव बांधहून, ऑटोने. बाईंनी खुर्ची नाकारली, मग घेतली. पा. ९ मोठे केले, पडद्यावर एकेक ओळ मावेल इतके. मी वाचले. मावशी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होत्या.
बाई : "असं नाही झालं वो लता."
"काऊन?"
"नाळ पोराच्या गळ्यात होती. ते तुनं काढली. म्या तं भेली होती."
"नाही वो माय. तूच काढली. माह्या हातात भांडं होतं."
"भांडं म्या धरलं होतं."
अर्धा तास. एक मूल, चार हात, कोणाचेच नाहीत. शेठ पत्रिका सोडून ऐकत उभे.
मग दोघी माझ्याकडे पाहू लागल्या. मी म्हणालो, मशीन ऐकत नाही.
भागरताबाई : "मशीन कायले ऐकन? लिवनार तं तू हायेस."
उद्या सकाळी ठरवून येतो म्हणाल्या. दोघी आज लेकीकडे राहणार.

२० फेब्रुवारी
साडेआठला दुकान उघडले. दोघी पायरीवर बसल्या होत्या, अजून ठरले नव्हते. मशीन सुरू केली. पान ९ उघडले. म्हणालो, सांगा, मी ऐकतो.