आबा, मी कोल्हापूरला पोचलो

प्रिय आबा,

आज रविवार, सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. तुम्ही जिथं मिरची उतरवायचात, त्या शालनकाकींच्या डंकाच्या पायरीवर बसून लिहितोय. झाडून झालंय, उखळं पुसून झालीत. ट्रक घेऊन कुठंही गेलात तरी तुम्ही आधी घरी फोन लावायचात आणि म्हणायचात, "पोचलो." आता पहिल्यांदाच मी नंदुरबार सोडून एवढ्या लांब आलोय. उतरल्या दिवशीच आईला फोन केला. पण तुम्हाला कोण सांगणार? म्हणून हे पत्र. आबा, मी कोल्हापूरला पोचलो!

वर्षानुवर्षं तुम्ही आपल्याकडची मिरची इथं आणून उतरवलीत. दरवेळी म्हणायचात, "भटू, एकदा चल. माणसं दिलदार आहेत." माझी शाळा सुटली तेव्हाही म्हणालात. मी भीतीपोटी टाळत राहिलो. केबिनमध्ये तुमच्या शेजारी बसून हा रस्ता बघायचा राहूनच गेला.

पण एक तक्रार आहे. माणसं दिलदार म्हणालात, त्यांच्या आवाजाबद्दल का नाही सांगितलंत? स्टँडवर उतरलो तर रिक्षावाला ओरडला, "ओ पावणं! कुठं जायाचं?" मला वाटलं, माणूस चुकला. म्हणालो, "मी तुमचा पाहुणा नाही हो." तो म्हणाला, "मग काय सासरा हाय? बसा की!" पुढच्या चौकात दोघंजण एकमेकांच्या अंगावर धावून जात होते. मी पिशवी छातीशी धरली. भांडण कशाचं? तर चहाचे पैसे कोण देणार याचं!

रस्त्याकडेला म्हशी उभ्या असतात आणि गवळी तुमच्यासमोर धार काढून फेसाळ दूध पेल्यात देतो. मी विचारलं, "उकळलेलं नाही?" तो म्हणाला, "म्हशीनं गरमच दिलंय की!" प्यालो, आबा. आता पोट बिघडणार म्हणून रात्रभर वाट बघितली. काही झालं नाही!

शालनकाकींनी तुमचं नाव ऐकून मला ठेवून घेतलं, पण बोली स्पष्ट होती. "आठ दिवस बघते. जमलं तर ऱ्हा, न्हाय तर परतीचं तिकीट मी काढून देते." परतून काय करणार होतो? तुमच्यामागे घर आईच्या शिवणयंत्रावर चाललंय. हे काम मला हवंच होतं.

डंक म्हणजे काय हे मला इथं येऊन कळलं. यंत्रावर लोखंडी मुसळं वरखाली होतात आणि खाली उखळात चटणी कुटली जाते. बायका घरून मिरच्या, भाजलेला मसाला, लसूण डब्यांत भरून आणतात. त्या घराची वर्षाची चटणी असते ती. एका घराचं झालं की उखळ ब्रशनं साफ करायचं, मगच दुसऱ्याचं घालायचं.

आणि काल, नेमक्या आठव्या दिवशी, मी घोळ केला! कसबा बावड्याच्या दोन जावा एका स्कूटरवरून आल्या, एका पिशवीतून डबे काढले आणि शेजारी बसून काकींनी दिलेला चहा प्यायला लागल्या. एकच घर समजून मी दोघींचे डबे एकाच उखळात ओतले.

"आरं ए! काय केलंस ह्ये?" थोरली ओरडली. "आमच्या चुली येगळ्या हाईत!"

"हिच्या चटणीत नुसतं खोबरं असतंय," धाकटी म्हणाली.

"आन् तुझी खाऊन पावणं ताटावरनं पळत्यात!"

काकींनी यंत्र बंद केलं. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. दार मागंच होतं, आबा, आणि माझे पाय तिकडं वळत होते. कसाबसा उभा राहिलो. म्हणालो, "चूक माझी आहे. दोघींचं सामान माझ्या पगारातून भरून देतो."

"पगार ठरलाय कुठं तुझा?" काकी म्हणाल्या. सगळ्या हसल्या, मी सोडून.

काकींनी आपल्या डब्यातली भाकरी मोडून दोघींपुढं धरली. थोरलीनं ती चटणी लावून तुकडा तोंडात टाकला. मग धाकटीनं. दोघींनी आणखी एकेक तुकडा मोडला. कोल्हापुरात इतकी शांतता मी पहिल्यांदाच ऐकली.

"आत्याबाईंच्या हातची लागतीया," थोरली हळूच म्हणाली. आत्याबाई म्हणजे त्यांची सासू. ती होती तोवर घरात चूल एकच होती, हे काकींनी मला नंतर सांगितलं.

धाकटीनं पदर डोळ्यांना लावला आणि लगेच माझ्यावर खेकसली, "बघतोस काय? निम्मी निम्मी भर की! आन् तिला जास्त घातलीस तर बघ!"

संध्याकाळी डंक बंद करताना काकी म्हणाल्या, "तुझा बाप एकदा भिजलेली पोती घिऊन आलता. मी बघायच्या आदीच म्हणाला, माल भिजलाय, भाव कमी लावा. तू त्याचाच हाईस. उद्यापास्नं डबा घेताना पयलं इचारायचं, चूल कुणाची? कळलं?"

कळलं, आबा! तुम्ही ही पोत्यांची गोष्ट घरी कधीच का सांगितली नाहीत?

एक शब्द देतो. भीती माझी जाणार नाही, ती माझ्यासोबतच राहील. पण तिच्यामुळं आता कुठून निघून जाणार नाही. दिवाळीला आईला इथं आणीन आणि म्हशीचं ते दूध उभ्याउभ्या प्यायला लावीन.

काकी आल्या. दारात एक बाई दोन डबे घेऊन उभी आहे. उठतो, तिला विचारायला हवं.

तुमचा,
भटू