लिफ्टमधला गणपती

बाबा,

सकाळपासून तीनदा लिहायला बसलो आणि तीनदा उठलो. दोनदा चहा केला, दोन्ही वेळा गार झाला. झालं असं की एकाच सकाळी दोन फोन आले. पहिला चॅनेलचा. माझ्या जुन्या विनोदी मालिकेतला गावाकडचा म्हातारा त्यांना परत हवाय, आणि नवी मालिका लिफ्टच्या प्रसंगानंच सुरू करायची, कारण लोकांना अजून तोच आठवतो. हो की नाही ते आज सांगायचं. दुसरा फोन धामणगावहून, चुलतभावाचा. "पोळ्याले येतं का बे औंदा? तोरणाखाली झडती म्हनायले आता कोनीच नाही राह्यलं. तुह्या बापाची जागा अजून रिकामीच हाय." दोघांनाही मी 'पाहतो' म्हटलं. वीस वर्षं दुसऱ्यांच्या तोंडी वाक्यं घालून पोट भरणारा माणूस मी, आणि स्वतःवर वेळ आली की हा एकच शब्द सुचतो.

इथल्या लेखकांना झडती समजावून सांगावी लागते. पोळ्याला सजवलेले बैल तोरणाखाली रांगेनं उभे राहतात, डफडं थांबतं, एक जण पुढं होऊन गावातल्या कुणाची तरी यमकात खिल्ली उडवतो आणि मग सगळे 'हर हर महादेव' म्हणून ओरडतात. त्यांना हे ऐकून मजा वाटते. तुमचे दोन नियम मात्र मी त्यांना कधी सांगितले नाहीत. पहिली झडती स्वतःवर म्हणायची, आणि ज्याच्यावर म्हणायची तो माणूस समोर उभा पाहिजे. "बैल माहा सजला, झूल त्याची नवी, माह्या बंडीची ठिगळं पोरायनं मोजावी!" असं म्हणून तुम्ही खरंच बंडी पसरून दाखवायचात. मग पाटलांकडे वळलात की पाटील आधीच हसत असायचे.

मी कॉलेजात असताना पहिल्यांदा पुढं झालो, ते आठवतं? शेजारच्या काकांच्या चिकटपणावर झडती रचली होती. आठ दिवस पाठ करत होतो. त्याच आठवड्यात काकांचा एक बैल गेला, म्हणून ते पोळ्यात आलेच नव्हते. मी पहिली ओळ म्हटली आणि तुम्ही डफडेवाल्याला हात केला. माझी दुसरी ओळ त्या दणदणाटात बुडाली. मी इतका चिडलो होतो की घरापर्यंत तुमच्याशी बोललो नाही. बैल बांधताना तुम्हीच बोललात. "थो तिथं होता का? नाही ना. मंग थो हासला कसा असता? ज्याले संगं हासता येत नाही, त्याच्यावर काय हासतं बे!" तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याला माझं कौतुक सहन होत नाही. खरंच तसं वाटलं होतं.

मग मुंबई. पहिली काही वर्षं मी दुसऱ्यांच्या मालिकांत रिकाम्या जागा भरायचो. नोकराचं एक वाक्य, शेजारणीची एक फोडणी. माझं नाव पडद्यावर यायचं नाही. त्या काळात तुम्ही एकदाच आलात, पिशवीभर भरताची वांगी घेऊन. मी तुम्हाला खाली घ्यायला आलो. आमच्या लिफ्टमध्ये लिफ्टमननं आरशाच्या वर गणपतीची छोटी तसबीर लावली होती, तिला रोज झेंडूचं फूल असायचं. दार उघडलं, तुम्ही तसबीर पाहिली, चपला काढून भिंतीशी नीट जोडीनं ठेवल्या, हात जोडले आणि आत आलात. आत सातव्या मजल्यावरच्या एक बाई होत्या. त्यांनी तोंड फिरवून हसू दाबलं. मी खाली मान घालून उभा राहिलो, जणू तुम्ही माझे कुणी नव्हतात. वर पोचल्यावर तुम्ही आपल्या उघड्या पायांकडे पाहिलंत आणि स्वतःच खो खो हसलात. "आता पाह्य, देवाच्या नादात चपला खालीच राह्यल्या! पन चपला घालून त्याच्यापुढं उभं कसं राहावं?" चपला आणायला मी खाली गेलो, आणि जातानाच मला तो प्रसंग दिसायला लागला होता, कॅमेऱ्यासकट.

त्या एका प्रसंगानं माझं करिअर उभं राहिलं. गावाकडचा म्हातारा लिफ्टबाहेर चपला काढतो, हात जोडतो, अनवाणी वर जातो, मग चपलांसाठी सात मजले उतरतो. तो आपल्यासारखंच 'म्या', 'काऊन', 'राह्यलो' बोलतो. पुण्या-मुंबईचे लोक गडाबडा लोळले. मला मालिका मिळाली, मग दुसरी मिळाली, मग बैठकीत माझ्यासाठी खुर्ची राखून ठेवायला लागले. एकच फरक होता. टीव्हीवरच्या लिफ्टमध्ये तसबीर नव्हती. म्हातारा देवाला नाही, नुसत्या लोखंडी पेटीला हात जोडत होता.

मी तुम्हाला फोन केला. म्हटलं, "बाबा, पाह्यलं का?" तुम्ही म्हणालात, "पाह्यलं ना. सारी गल्ली बसली होती आपल्या घरात. लोक लय हासले." मग म्हणालात, "पन लेका, त्याच्यात गनपती काऊन नव्हता?" मी म्हटलं, "डायरेक्टरनं काढला." तुम्ही लगेच म्हणालात, "मंग बरं. म्या म्हटलं, तू काढला का काय." आणि आईच्या गुडघ्यांबद्दल बोलायला लागलात.

पुढचं मला चुलतभावानं सांगितलं, तुम्ही गेल्यानंतर. मोताळ्याच्या बाजारात लोक तुमच्या वांग्यांच्या पथारीपुढं चपला काढून हात जोडायचे आणि विचारायचे, "काका, येऊ का आत?" तुम्ही हसायचात, वर एक वांगं जास्तीचं टाकायचात. पण त्या वर्षी पोळ्यात तुम्ही झडती म्हटली नाही. घसा बसलाय म्हणून बैल घेऊन सरळ घरी आलात. पुढचा पोळा तुम्हाला दिसलाच नाही. मी हे ऐकलं त्याला बरीच वर्षं झाली, पण ते 'घसा बसलाय' माझ्या मागं लागलंय. जेवताना आठवतं, चालू मीटिंगमध्ये आठवतं. मला तुमचा घसा ठाऊक होता, बाबा. बाजाराच्या या टोकाहून त्या टोकाला ऐकू जायचा.

दुपारी तो प्रसंग पुन्हा लिहून पाहिला, तसबीर घालून, झेंडूच्या फुलासकट. हसू येतं, पण उशिरा येतं, आणि थोडं आतलं येतं. माझा हात दोनदा तसबिरीचं वाक्य खोडायला गेला. सवय कशी असते पाहा! शेवटी चॅनेलला 'नाही' कळवलं. कारण विचारलं तेव्हा म्हटलं, तो माणूस आता नाही. त्यांना वाटलं जुना नट वारला. त्यांनी हळहळ व्यक्त केली आणि लगेच दुसरा नट सुचवला. मी फोन ठेवला आणि एकटाच हसलो. तुम्ही असतात तर यावर चार ओळी सहज जुळवल्या असत्या.

भावाला कळवलंय, पोळ्याला येतो. पहिली झडती स्वतःवर म्हणायची, म्हणून तासभर खोलीत फेऱ्या मारतोय. एकच ओळ हाती लागली आहे: 'बापानं हात जोडले, लेकानं देव काढला'. दुसरी जुळत नाही. हा कागदही पाठवायचा कुठं? तो पाकिटात घालणार नाही, खिशात ठेवीन. ती ओळ तोरणाखाली म्हणताना समोर तुम्ही नसाल, पण मी असेन, म्हणजे नियम मोडत नाही.

एक राहिलं. डायरेक्टरनं काढला नव्हता, बाबा. त्यानं तर विचारलं होतं, "तसबीर राहू दे ना, छान आहे." मीच म्हटलं, हशा लांबतो. आणि त्या दिवशी सेटवर सगळ्यात मोठ्यानं मीच हसलो होतो.