संपतच्या बोटांचा वास

बुधवार, विटा

सिगारेट सोडून आठ महिने झाले, तरी संध्याकाळचा चहा झाला की जीव कासावीस होतोच. आम्ही चौघा मित्रांनी एकदमच सोडली. तेव्हापासून रोज मारुतीच्या पारावर एकमेकांची बोटं हुंगतो. लोक हसतात. हसू देत.

आज संपतच्या बोटांना वास आला. तीस वर्षं परमुलखात सोनं गाळायचं, गलाईचं दुकान चालवलं मी, सोन्यातली भेसळ मला कळते.

"संपा, वढलीस का रं?"

"आईशप्पत न्हाई! म्हाताऱ्याची चिलीम भरून दिली. त्याचं हात थरथरत्यात."

खरं असेल? की उत्तर घरूनच ठरवून आणलं होतं? एवढं पटकन सुचतं कसं? मी पुन्हा हुंगलं. मग तिसऱ्यांदा. संपत माझ्याकडं बघतच राहिला.

"सोड आता हात," तो हळूच म्हणाला. "तलप तुला आलीया, गड्या."

मला? चोराच्या उलट्या बोंबा!

बायको कधीची हाका मारतेय, हात धुवा, जेवायला बसा. मी आपला वही काढून बसलोय. त्याच्या बोटांचा वास माझ्या बोटांना लागलाय. हात धुतले तर जाईल.